गावकीच्या पंचांना, बाहेर पडलेल्यांच्या वतीने

प्रति,
गावकी, भावकी आणि समाजमंडळांचे पंच, मानकरी व पदाधिकारी,
नागोठणे, रोहे, पेण आणि रायगड जिल्ह्यातील गावे



गावकी सुटलेली माणसे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. काहींना गावकीने काढले, काही स्वतःहून बाहेर पडली, आणि बरीचशी कुणाशी न भांडता, बैठकीला जायचे टाळत, शिमग्याला गावी न येता हळूहळू दूर झाली. यातली काही पनवेल, कळंबोली, डोंबिवलीकडे राहतात. काही अजून त्याच आळीत आहेत आणि त्याच नळावर पाणी भरतात. आपल्या बैठकांत त्यांच्याबद्दल वारंवार बोलणे होते. त्यांच्याशी बोलणे होत नाही. हे पत्र त्यांच्या बाजूने लिहिले आहे. ते कुण्या एका गावाला, एका जातीला किंवा एका पंचाला उद्देशून नाही. ज्यांनी कधी कुणाला वाळीत टाकले नाही अशाही गावक्या इथे आहेत. त्यांनी हे पत्र शेजारच्या गावातल्या पंचांना वाचायला द्यावे.

गावकीने काय दिले, ते आधी सांगितले पाहिजे. पेण आणि रोह्याच्या खाडीकाठच्या गावांत खारबंदिस्ती फुटली की एकट्या शेतकऱ्याच्या हातून ती बांधून होत नसे. घरटी माणूस यावा लागे. मयत झाले की तिरडी बांधण्यापासून लाकडे गोळा करण्यापर्यंत घरच्यांना काही बघावे लागत नाही, आळीतली पोरे सगळे करतात. २४ जुलै १९८९ ला आंबा नदीला पूर आला. त्यात जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले आणि नागोठण्यातही पाणी घुसले. तो पूर पाहिलेल्या माणसांना शेजार आणि भावकी काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. गावकीतून काढण्याची शिक्षा इतकी जबर बसते ती याच कारणाने. ज्या आधारावाचून कोकणातल्या गावात दिवस जात नाही, तोच काढून घेतला जातो.

वाळीत पडलेल्या घराचे काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. लग्नाची बोलावणी थांबतात. दुकानदार आधी इकडेतिकडे पाहून माल देतो, मग देतच नाही. विक्रम रिक्षावाला बसवून घेत नाही. शेतावर मजूर येत नाही. पोरांना खेळात घेत नाहीत, आणि त्यांना कारणही कुणी सांगत नाही. पालखी एकेका दारात थांबत येते आणि त्या दारावरून तशीच पुढे जाते. चुकून कुणी त्या घराशी बोललेच, तर त्यालाही दंड.

२०१३ ते २०१५ या काळात रायगड जिल्ह्याचे नाव राज्यभर गाजले ते याच कारणाने. तक्रारी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांतून आल्या. २०१२ साली एव्हरेस्ट सर केलेल्या या जिल्ह्यातल्या एका गिर्यारोहकाच्या कुटुंबालाही वाळीत टाकल्याची तक्रार झाली. घरच्या सुनेने जीन्स घातली आणि मंगळसूत्र घातले नाही, असे त्यामागचे कारण तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. आपल्या रोहे तालुक्यातल्या एका गावात त्याच सुमारास बहिष्कार आणि छळाला कंटाळून एका स्त्रीने जीव दिला. तिचे नाव या पत्रात घेण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांना ते माहीत आहे. रायगडातल्या प्रकरणांवरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या, आणि या प्रथेविरुद्ध कायदा करणार की नाही, असा प्रश्न न्यायालयाने सरकारपुढे ठेवला. पुढे झालेल्या कायद्याच्या मुळाशी आपल्या जिल्ह्यातल्या घरांनी सोसलेले हाल आहेत. हे रायगडकरांनी विसरता कामा नये.

या तक्रारींतली कारणे एका ओळीत मांडली तर त्यांचा देवाशी काहीच संबंध दिसत नाही. कुणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. कुणी परजातीत लग्न केले. कुणी देवळाच्या जमाखर्चाचा हिशेब मागितला, कुणी सामाईक जमिनीच्या व्यवहारावर सही केली नाही, कुणी गावकीचा निवाडा न मानता पोलिसांत गेला. कारण जमिनीचे, मतांचे किंवा पैशांचे असते. पण बैठक देवळात बसते, ठराव देवासमोर होतो, शपथ देवाची घेतली जाते आणि माफी मागायची ती देवापुढे नारळ ठेवून. आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. आपण आपल्या भांडणात देवाला साक्षीला बोलावता, आणि भांडण संपले तरी त्याला साक्षीच्या पिंजऱ्यातून बाहेर येऊ देत नाही.

बाहेर पडलेल्या माणसाची श्रद्धा कशी सुटत जाते, हे आपण कधी विचारले आहे का? तो पुस्तक वाचून नास्तिक होत नाही. आधी त्याला ठराव चुकीचा वाटतो. मग तो दंडाच्या पैशाचा हिशेब विचारतो. मग, ज्या कौलाच्या आधारे त्याला दोषी ठरवले तो कौल लावणारा हात कुणाचा होता, हे त्याला आठवते. इतके झाल्यावर लहानपणापासून मानत आलेल्या बाकीच्या गोष्टींकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो. विटाळ कुणी ठरवला? अंगात येते ते नेमके ठरलेल्या घरातल्या माणसाच्याच अंगात का येते? नवस फेडला नाही म्हणून संकट आले असे सांगणाऱ्याला ते संकट आधी का दिसले नाही? आत असताना हे प्रश्न डोक्यात येतच नाहीत असे नाही. ते विचारले तर पाठोपाठ काय होईल याची भीती असते. भीती गेली की प्रश्न बाहेर येतात, आणि तेव्हा असेही कळते की आजवर ज्याला आपण श्रद्धा म्हणत होतो त्यातला बराच भाग ती भीतीच होती. हे कळणे सोपे नसते. आयुष्यभर केलेले उपास, अनवाणी चाललेली वाट, आईने घातलेली गाऱ्हाणी या सगळ्यांकडे पुन्हा नव्याने पाहावे लागते. त्यातले आपले किती आणि लादलेले किती, हे निवडत बसावे लागते, आणि ते काम वर्षानुवर्षे चालते.

कोकणाने हे आधीही पाहिले आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. गावासाठी पैसा उभा राहावा म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता, म्हणजे गावावर त्यांचा जीव होता. मार्च १८९३ मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले. त्यानंतर ते गावी गेले तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या बैठकीत कर्वे असतील तिथे कुणी बसायचे नाही, आणि घरच्यांनी त्यांना जवळ केले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. आई आणि भाऊ यांच्यापैकी कुणी लग्न लावले नव्हते, कुणी ठरवले नव्हते. तरी शिक्षेची दोरी त्यांच्याच गळ्यात पडली. वाळीत टाकण्याची खरी रीत ती हीच, तेव्हाही आणि आजही. जो दूर पुण्यात आहे त्याला फार काही करता येत नाही, म्हणून जो गावात राहिला आहे त्याला धरायचे.

कर्वे धर्म सोडून गेले नाहीत. पुढे त्यांनी हिंगण्याची संस्था उभी केली, स्त्रियांचे विद्यापीठ काढले, आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ज्या मुरूडने त्यांना पंक्तीला बसू दिले नाही, त्याच गावाला आज त्यांच्या नावाचा अभिमान आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म मुरूडचाच, आणि वडिलांचे लग्न झाले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. मोठेपणी ते उघड निरीश्वरवादी झाले. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले, तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. मुलाचे विचार कशातून घडले हे दुसऱ्या कुणी सांगू नये. पण ज्या वयात पोराला देव, धर्म आणि गाव या गोष्टी समजू लागतात, त्या वयात त्या घराने गावाचा ठराव पाहिला होता, एवढे खरे. आज आपल्या गावांत ज्या घरांच्या दारावरून पालखी पुढे जाते, त्या घरांतही अकरा वर्षांची मुले आहेत.

बहिष्काराच्या भीतीने किती विचार जन्मायच्या आतच मेले, याचाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा सुरू केली. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, म्हणजे जातिभेद मानत नाही हे कृतीने दाखवायचे. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटण्याच्या धास्तीने सभासद पांगले आणि सभा मोडली. त्याच मंडळीत वावरलेले बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपल्या जुन्या धर्माकडे वळून पाहत त्यांनी १८८४ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. घरात आणि जातीत राहून प्रश्न विचारण्याची सोय असती, तर यातले किती जण बाहेर गेले असते?

आणि महाड तर आपल्याच जिल्ह्यातले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि जमलेल्या माणसांना मारहाण झाली, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. त्यानंतर गावोगाव काय झाले ते कमी सांगितले जाते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी बंद, जमीन काढून घेतली, वाण्याने सामान देणे थांबवले, असे प्रकार त्या काळात जागोजागी होत होते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या सामाजिक बहिष्काराची गंभीर नोंद केली. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि बहिष्कार म्हणजे नेमके काय, याची व्याख्याही लिहून दिली. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्राला तसा सर्वसाधारण कायदा करायला २०१६ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांची मागणी आणि तिची पूर्तता यांत जवळजवळ सत्तर वर्षे गेली, आणि त्या वर्षांत ज्यांची आयुष्ये गेली त्यांची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

हे फक्त हिंदू गावकीपुरते आहे, असे कुणी म्हणू नये. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणे हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी वेगळे मत दिले. समाजातून काढल्यावर माणसाचे नागरी हक्कच कोरडे पडतात, मशिदीपासून दफनभूमीपर्यंत, हे त्यांनी पाहिले होते. १९८६ पासून सुधारक बोहरांची याचिका चालू आहे, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. समाजाच्या आतून सुधारणा मागणाऱ्या असगर अली इंजिनिअर यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. २००० साली मुंबईतल्या त्यांच्या घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. पण २०१३ मध्ये जाईपर्यंत ते श्रद्धावान मुसलमानच राहिले, आणि धर्मगुरूच्या सत्तेवर टीका करताना कुराणाचा आधार घेत राहिले.

त्यांच्या शेजारी हमीद दलवाई यांना ठेवून पाहावे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. आपल्या मागे कोणताही धर्मविधी करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. एक श्रद्धा धरून राहिला, एकाने सोडली. बाहेर पडलेला प्रत्येक माणूस देवाच्या विरोधात जातो, ही आपल्या बैठकीतली समजूत म्हणूनच बरोबर नाही. कुणी देव्हारा ठेवतो, कुणी काढतो. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला हात लागावा असे अजून मनापासून वाटणारे आहेत, आणि नागोठण्याच्या जोगेश्वरीच्या देवळात गर्दी नसताना एकटे जाऊन येणारेही आहेत. त्यांना आपण पाखंडी म्हणता, तेव्हा देवीवर त्यांचा जो काही हक्क शिल्लक असेल तोही आपण काढून घेता.

आता कायद्याचे. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’ विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ ला मंजूर केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बहिष्कारासाठी चिथावणी देणारा आणि साथ देणाराही सुटत नाही. आरोपपत्र दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवावा, असे कायदा म्हणतो. समाजमंडळ नोंदणीकृत असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. लग्नाला, मयताला, धार्मिक विधीला येण्यापासून अडवणे, दुकान, शाळा, सभागृह, स्मशान यांचा वापर रोखणे, व्यवहार तोडणे, अमुकच कपडे घालण्याची सक्ती करणे, हे सगळे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहे. आपल्या पंचक्रोशीतल्या कितीतरी बैठकांत हा कायदा अजून कुणी वाचून दाखवलेला नाही. वाचला असता तर ‘आमच्या घरचा मामला’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारले गेले नसते.

अर्थात, कायद्याने दुकान उघडेल, माणसाच्या तोंडचे बोलणे परत येईलच असे नाही. अनेक तक्रारी तडजोडीत मिटतात, आणि ती तडजोड पुन्हा त्याच देवळात, त्याच पंचांसमोर होते. पोलीस ठाण्याच्या पायरीवर चढलेल्या माणसाला पुढची वीस वर्षे त्याच गावात काढायची असतात. कारखाने आल्यावर हे बदलेल असे वाटले होते. नागोठण्याला पेट्रोकेमिकल कारखाना आला, महामार्ग रुंदावला, मुले पगारदार झाली आणि पोटासाठी गावकीवर अवलंबून राहणे बऱ्यापैकी संपले. लग्न आणि मयत मात्र पगारावर होत नाही. म्हणून गावकीची पकड जिथे शिल्लक राहिली, ती माणसाच्या सर्वांत हळव्या जागी.

२०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या वडिलांनी खून केला. त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ उभे केले. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तरी अभियान थांबले नाही. पुढच्या काही वर्षांत राज्यातल्या काही जातपंचायतींनी स्वतःहून बरखास्तीची घोषणा केली. पंचांनीच उठून हे थांबवले, असे या महाराष्ट्रात घडले आहे. म्हणून हे पत्र पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

विनंत्या फार नाहीत. पहिली मयताची. मयत झाल्यावर तिरडीला खांदा द्यायला जाणाऱ्या कुणालाही दंड होणार नाही, असे प्रत्येक गावकीने उघड जाहीर करावे. अंबरनाथला २०१९ मध्ये कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका कुटुंबातल्या आजीच्या अंत्ययात्रेवर जातीने बहिष्कार टाकल्याची तक्रार झाली आणि गुन्हा नोंदवला गेला. तो प्रसंग वाचताना आपल्या गावातली कुठली तरी अशीच अंत्ययात्रा ज्यांच्या डोळ्यांसमोर आली, त्यांनी ही विनंती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची वाट पाहू नये.

दुसरी, नातेवाइकांची. वाद ज्याच्याशी असेल त्याच्याशी असू द्यावा. त्याच्या आईला हळदीकुंकवाला बोलवायचे थांबवू नये, बहिणीच्या सोयरिकीत आडवे येऊ नये, पोरांना कुणी काही ऐकवू नये. मुरूडच्या लोकांनी एकशे तीस वर्षांपूर्वी जे केले ते आज तरी पुन्हा करू नये.

तिसरी, पैशाची. गावकीच्या वह्यांत ‘दंड’ म्हणून जमा झालेली रक्कम कुठे गेली, हे त्या त्या माणसाला सांगावे आणि ती परत करावी. देवळाच्या जीर्णोद्धाराला लागली असेल तरी परत करावी. धमकावून घेतलेल्या पैशाने कळस चढवला, तर त्या कळसाकडे पाहताना ज्याचा पैसा गेला त्याला काय वाटत असेल, हे पंचांनी स्वतःला विचारावे. यापुढे वर्गणी ही वर्गणीच राहावी, पावती देऊन घेतलेली आणि न देणाऱ्याला न जाचणारी.

जुने ठराव रद्द झाल्याचे लिहून द्यावे, ही चौथी. तोंडी मिटलेले प्रकरण पुढच्या भांडणात पुन्हा उकरले जाते. लेखी कागद असला तर पुढच्या पिढीला तो आधारासाठी दाखवता येईल.

आणि शेवटची विनंती जरा अवघड आहे. गावात जो तरुण देव मानत नाही, पालखीला येत नाही, लग्न नोंदणी पद्धतीने करतो, किंवा कौलावर विश्वास नाही असे उघड म्हणतो, त्याला ग्रामस्थ म्हणून सगळ्या गोष्टींत धरावे. पाण्यात, रस्त्यात, मैदानात, मदतीत. त्याला देवळात येण्याचा आग्रह नको आणि न आल्याची शिक्षाही नको. त्याच्या शंकांना उत्तर द्यायची इच्छा असेल तर बसून द्यावे. नसेल तर ऐकून घ्यावे. त्यातले काही प्रश्न आपल्यालाही कधी तरी पडले असतील. ज्यांना धर्म सोडावासा वाटतो त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्याइतकाच तो मनापासून पाळलेला आहे, आणि त्यांच्या जाण्यात रागापेक्षा दुःख जास्त आहे.

नागोठण्यात आंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी तो १५८० च्या सुमारास स्वतःच्या खर्चाने बांधल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एका काझीने बांधलेल्या त्या पुलावरून सगळ्या जातींची, सगळ्या देवांची माणसे गेली. आपल्या गावात असेही घडलेले आहे. नियम करताना पंचांनी त्याचीही आठवण ठेवावी.

शिमग्याआधी गावोगाव बैठका होतील. वर्गणी ठरेल, पालखीचा मार्ग ठरेल, मान कुणाचा ते ठरेल. त्याच बैठकीत वर लिहिलेल्या विनंत्यांवर चर्चा घ्यावी आणि २०१६ चा कायदा एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या दारांवरून पालखी पुढे जात आली, ती दारे कोणती हे आपल्याला विचारावे लागणार नाही. यंदा त्या घरांना आधी विचारावे की पालखी थांबलेली त्यांना चालेल का, आणि ते जे उत्तर देतील ते मान्य करावे.



आपल्याच पंचक्रोशीतील एक रहिवासी,
नागोठणे, ता. रोहे, जि. रायगड